नाशिकमध्ये मोकळा वेळ कुणाला मिळतो आणि तो जातो कुठे?

गोदाकाठ

नाशिकच्या रविवारबद्दल लिहायचंय. शहर एक आहे पण त्यात चार-पाच वेगवेगळे रविवार चाललेले असतात आणि ते एकमेकांना भेटतच नाहीत असं मला हल्ली फार जाणवतं, म्हणून हा धागा काढला.

सकाळी गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला निघालात तर मिसळीच्या मळ्यांबाहेर गाड्यांची रांग, आत झोके, बैलगाडी, चुलीसमोर फोटो, पोरांना मातीत खेळायला सोडलेलं. त्याच वेळेला त्र्यंबक रोडवर हेल्मेट-जर्सीवाले सायकलस्वार. आणि त्याच वेळेला पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसं मजूर नाक्यावर उभी, त्यांना वार कुठला याने काही फरक पडत नाही, काम मिळालं तर दिवस नाहीतर रिकामा. पण त्या रिकाम्या वेळेला कोणी फुरसत म्हणेल का? नाही. तो तर काम न मिळाल्याचा वेळ. घड्याळात दोघांचे तास सारखेच आहेत, पण एकाचा रिकामेपणा त्याने स्वतः निवडलाय आणि दुसऱ्यावर तो येऊन पडलाय.

पैशाने बरंच ठरतं हे सगळ्यांना माहितीये. पण सगळं पैशाने ठरत नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये साधारण सारखा पगार असलेली दोन घरं आहेत, एक घर महिन्यातून एकदा तरी कालिदास नाट्यगृहात नाटकाला जाणारच, दुसरं घर चैत्रात सप्तशृंगीला पायी जातं आणि वर्षभर त्याच ग्रुपबरोबर भजनाला बसतं. पहिल्यांना दुसऱ्यांचं चालत जाणं कळत नाही, दुसऱ्यांना तिकीट काढून अंधारात बसणं कळत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यालाच सांस्कृतिक भांडवल म्हणायचा, म्हणजे काय आवडावं, कुठे गेल्यावर अवघडल्यासारखं होऊ नये, हे घरातून नकळत शिकवलं जातं आणि ते पैशासारखंच वारशाने पुढे जातं.

माझी खरी काळजी पुढची आहे. या शहरात फुकटात आणि सगळ्यांनी मिळून वेळ घालवायच्या जागा पुष्कळ होत्या. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. मे महिन्यात घाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला, तिकीट नाही, पास नाही, हमाल असो की वकील, यायचं आणि बसायचं. रहाडी, म्हणजे रंगपंचमीला रंग खेळायचे जुने हौद. कालिकेची यात्रा. यातलं बरंच अजून आहे, पण ज्यांच्या हातात पैसा आलाय ते तिथून हळूहळू निघून गेले आणि गेट असलेल्या, तिकीट असलेल्या, पार्किंग असलेल्या ठिकाणी गेले. मग उरलेल्या जागेची निगा राखायला आवाज कोण उठवणार?

तुमच्या घरात मोकळा वेळ कसा जातो, कोणाला मिळतो, हे खरंखरं लिहा.

सातपूर_मशिनिस्ट

चांगला विषय काढला दादा. मी तुमच्या रविवारमध्येच नाही बघा. आमच्या प्लांटला शनिवारी सुट्टी असते. एमआयडीसीमध्ये विजेचा लोड वाटून घ्यायला साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी ठेवायची पद्धत आहे, त्यातून हे आलं आणि मग तसंच चालू राहिलं. मुलांना रविवारी सुट्टी, मला शनिवारी. मुलगी लहान होती तेव्हा तिला वाटायचं बाबांना सुट्टी नसतेच, कारण मी घरी असायचो तेव्हा ती शाळेत. त्यात शिफ्ट. सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आलो की सगळे झोपलेले, सकाळी उठतो तर घर रिकामं. मग मोबाईल. आता कोणी म्हणेल कामगार रील बघत बसतो, वाचत नाही, नाटकाला जात नाही. अहो रात्री साडेबाराला मला कोणतं नाटक आणि कोणतं वाचनालय उघडं आहे ते सांगा ना.

आणि एक सांगतो, रविवारची सुट्टी आपल्याला कोणी दान दिलेली नाहीये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. युनियनच्या शिबिरात आम्हाला हे शिकवलं होतं. लोखंडे म्हणायचे सहा दिवस मालकाचं काम केल्यावर एक दिवस समाजासाठी, स्वतःसाठी पाहिजे. आज कंत्राटी पोरांना विचारा, सुट्टी घेतली की दिवस कापला जातो त्यामुळे सुट्टीच नको म्हणतात. एकशे तीस वर्षांपूर्वी मिळवलेली गोष्ट ओव्हरटाईमच्या रूपात परत जातेय आणि जाताना कोणाला आवाजही येत नाहीये.

पंचवटी_वाडा

रहाडीचं नाव निघाल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, नाशकात रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. पेशव्यांच्या काळातले मोठे दगडी हौद जमिनीखाली आहेत, शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा चौक वगैरे ठिकाणी. वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून गाड्या जातात, कोणाला पत्ता लागत नाही. रंगपंचमीच्या आधी उघडायचे, साफ करायचे, पाणी भरायचं, रंग उकळून ओतायचा, पूजा झाली की धप्पा, म्हणजे हौदात उडी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि पूजेचा मान ठरलेल्या घराण्याचा. मान ज्याचा असेल त्याचा असो, एकदा उडी मारली की वाड्यातला शेठ आणि भाजी विकणारा एकाच पाण्यात, एकाच रंगाचे, बाहेर आल्यावर ओळखू येत नाहीत.

आता त्याच दिवशी लॉन्सवर रेन डान्स असतो. डीजे, कपल एन्ट्री, मनगटाला पट्टा. माझी पुतणी तिकडे जाते, मला वाईट वाटतं पण तिचंही खोटं नाही, ती म्हणते काका तिकडे मी पाण्यात उतरू शकते, इकडे वाड्याच्या गच्चीवरून बघायचं फक्त. आमच्या घरातल्या बायका पिढ्यानपिढ्या गच्चीवरूनच बघत आल्या हे तिने म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं.

ओसरी

पंचवटी_वाडा यांच्या पुतणीला माझा नमस्कार सांगा.

मी हा धागा सकाळपासून तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला कारण काही ना काही काम निघालं, त्यामुळे आता रात्री लिहितेय. गोदाकाठ, तुम्ही श्रीमंत-गरीब आणि संस्कृती लिहिलीत, पण एकाच घरातल्या एकाच सोफ्यावर दोन वेगवेगळे मोकळे वेळ बसलेले असतात ते राहिलं. सरकारचं वेळ वापराचं सर्वेक्षण आहे, २०१९ चं आणि नंतर २०२४ चं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ मध्ये बायका २८९ आणि पुरुष ८८. म्हणजे आमची दहा मिनिटं कमी झाली तर तुमचीही नऊ कमी झाली, फरक आहे तिथेच. आणि पुरुषांचा हा आकडा फक्त जे करतात त्यांचा आहे, मुळात करणारे पुरुषच थोडे.

मिसळीच्या मळ्यावर गेल्यावर मी बघते. पुरुष खाटेवर आडवे होतात, बाई पोराच्या मागे वाटी घेऊन फिरत असते. जागा बदलली, काम तेच. आमच्या सासूबाईंच्या पिढीत बाईला मोकळा वेळ असं काही नव्हतंच, पण हळदीकुंकू होतं, मंगळागौर होती, भजनी मंडळ होतं, एकादशीला मंदिरात कीर्तन होतं. म्हणजे देवाचं किंवा सणाचं नाव घेतलं की घरातून निघता यायचं. नुसतं मैत्रिणीकडे गप्पा मारायला चालले असं सांगून निघता येत नव्हतं. मला विचाराल तर संस्कृतीचा सगळ्यात मोठा भाग इथेच आहे, मोकळा वेळ घ्यायला कोणतं कारण चालतं आणि कोणतं चालत नाही. माझी धुणीभांडीवाली ताई भिशीला जाते तेव्हाच फक्त दोन तास बसते. पैशाचं काम आहे म्हटल्यावर घरी कोणी अडवत नाही.

द्राक्षबाग_निफाड

शेतकऱ्याचं पण ऐका. आम्हाला आठवड्याचा हिशोब नाही, छाटणीचा आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने लग्न असो मयत असो, जीव बागेत. डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, आणि ढग आले की डावणी रोगाच्या धास्तीने रात्री फवारणीचा ब्लोअर काढायचा. त्या काळात आम्हाला कोणी पिक्चरला चल म्हटलं तर राग येतो. माल गेला, पैसे आले (व्यापारी पळाला नाही तर), की मग आमची फुरसत, आणि ती अशी येते की एकदम येते. गावची यात्रा, कुस्त्या, लग्नं, वणी, शिर्डी, जमलं तर चार कुटुंबं मिळून केरळ. शहरातले म्हणतात शेतकरी लग्नात उधळपट्टी करतो. अहो आमची वर्षाची सगळी मजा, सगळ्या पाहुण्यांना भेटणं, मिरवणं, नाचणं त्याच दोन-तीन महिन्यांत बसवायचं असतं. तुम्ही महिन्याला थोडं थोडं करता, आम्ही एकदम करतो.

दुसरं म्हणजे वाइनरी. २००० साली सुलाची पहिली वाइन आली तेव्हा इकडे कोणाला पटत नव्हतं की द्राक्ष बघायला लोक पैसे देऊन येतील. आज मुंबई-पुण्याचे येतात, वेलीखाली फोटो काढतात, टबात द्राक्षं तुडवतात. माझ्या बागेत तीच वेल आहे, पण माझ्यासाठी ती कर्ज आहे, औषधाचं बिल आहे, आणि चांगल्या वर्षी पोरीच्या शिक्षणाची फी आहे. मला त्यांचा राग नाही, आमच्या भावकीतल्या पोरांना तिथे नोकऱ्या लागल्या. पण माझ्या आईने आयुष्य बागेत घालवलं आणि ती बागेत कधी नुसती बसली नाही. बसायचं ते सावली शोधून भाकरी खायला.

आकडेमोड

मूळ पोस्टशी मी सहमत नाही, स्पष्ट लिहितो. पूर्वी सगळे घाटावर एकत्र बसायचे हे चित्र फार गोड आहे पण लोकांकडे दुसरा पर्यायच नव्हता. पैसे आले, पर्याय आले, लोक गेले. यात वाईट काय? माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच सहल केली, तीही ऑफिसची. मी मुलांना दरवर्षी कुठेतरी नेतो. मला घाटावरची गर्दी, डास, गाडी लावायची मारामारी नको असेल तर मी समाजद्रोही होत नाही. आणि श्रीमंतांचं म्हणाल तर हल्ली त्यांच्याकडेच वेळ नाहीये. १८९९ मध्ये व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने लिहिलं की श्रीमंत माणूस काही न करता बसून आपली श्रीमंती दाखवतो. आज कॉलेज रोडवरचा कोणताही बिल्डर किंवा डॉक्टर बघा, सतत बिझी असणं हीच त्याची प्रतिष्ठा आहे. सुट्टीवर गेला तरी फोन सुटत नाही. मोकळा वेळ आज पैशापेक्षा स्वभावावर जास्त आहे.

नासर्डी

आकडेमोड यांच्या पहिल्या वाक्याशी मीही सहमत आहे पण कारण वेगळं. घाटावर सगळे एकत्र बसायचे म्हणता तेव्हा सगळे म्हणजे कोण?

१९३० साली केन्स नावाचा इंग्रज अर्थतज्ज्ञ लिहीत होता की अजून शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळाचं करायचं काय हाच मोठा प्रश्न असेल. त्याच १९३० मध्ये मार्चच्या २ तारखेला इथे नाशकात काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षी रामरथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी पुढे कित्येक वर्षं तो लढा चालू ठेवला. म्हणजे ज्या रथयात्रेला आपण शहराचा सामायिक आनंद म्हणतो तिथे हात लावायला माझ्या पणजोबांच्या पिढीला डोकी फोडून घ्यावी लागली. कुंडावर, मंदिरात, सणात, वेळ घालवायचा हक्कच जातीने ठरत होता, पैसा नंतर.

म्हणून आमच्या घरात मोकळ्या वेळेची वेगळीच शिस्त आली. वडील कंपनीतून आले की चहा घेऊन वाचायला बसायचे. वस्तीतल्या विहारात पेपर यायचे, एक जण मोठ्याने वाचायचा. टाइमपास हा शब्द घरात चालत नव्हता, वेळ मिळाला तर शिका. चौदा एप्रिलला मात्र रात्रभर गाणी, भीमगीतांचे जलसे, सगळी वस्ती रस्त्यावर, आणि एरवी सुट्टीला त्रिरश्मी लेणीवर चढून खाली बुद्ध स्मारकात बसायचं, डबा घेऊन. इतर लोक तिथे व्यायामाला येतात, आम्ही आपल्या जागी आल्यासारखे येतो. लेणी तीच, पायऱ्या त्याच.

गोदाकाठ, तुमच्या काळजीत मी आहे. सार्वजनिक जागा टिकल्या पाहिजेत हे आम्हाला कोणी सांगायला नको, कारण आमच्या मुलांना पैसे देऊन आत जायची जागा परवडतेच असं नाही आणि तिथे कोणी आडनाव विचारत नाही अशी खात्री पण नाही. पण जुनं जसं होतं तसं परत आणा म्हणू नका, जे कधी पूर्ण झालंच नाही ते पूर्ण करा म्हणा.

सातपूर_मशिनिस्ट

नासर्डी भाऊ, शेवटच्या वाक्याला जय भीम.

डोंगरवाट

आमच्या ट्रेकवाल्यांचं लिहितो. हरिहरला पावसाळ्यातल्या रविवारी गेलात तर त्या कातळातल्या पायऱ्यांवर रांग लागलेली दिसेल, वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना खेटून. निरगुडपाडा, हर्षेवाडीच्या लोकांसाठी तो डोंगर म्हणजे गुरं चारायची आणि सरपणाची जागा. आता तिथल्या पोरांनी चहा, भजी, पिठलं-भाकरी सुरू केली, कोणी वाट दाखवतं. चार पैसे मिळतात हे चांगलंच. पण पाठीवर ब्रँडेड सॅक टाकून आम्ही दमायला जातो आणि ती माणसं दमणं टळावं म्हणून मोटारसायकलचं स्वप्न बघतात. चालण्याचा आनंद घ्यायला आधी चालण्याची सक्ती संपलेली असावी लागते.

कविता राऊतचं उदाहरण घ्या. हरसूलकडच्या सावरपाड्याची मुलगी, पाड्यावर चालणं-पळणं रोजचंच, त्यातून पुढे आली आणि २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ घेतलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी गावचा, सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला पोचला. आणि आपल्याच नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, त्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर शहरात सायकलींचं वेड किती वाढलं ते सगळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांचीच कर्तबगारी मोठी आहे, यात लहान-मोठं करायचं नाही. पण डॉक्टरांकडे बघून सायकल घेतलेले माझे दहा मित्र आहेत, आणि सायकल घेतलेल्या त्या दहा जणांच्या घरी कामाला येणारा माणूस जुन्या सायकलवर येतो, त्याला सायकलस्वार कोणी म्हणत नाही. त्याचा मार्ग सुरक्षित करायला कोणी निवेदन देत नाही. दिलं पाहिजे, दोघांचा रस्ता एकच आहे.

पेठ_गुरुजी

मी पेठ तालुक्यात शिक्षक आहे, नाशकात राहतो. आमच्याकडे बोहाडा असतो, सुरगाणा, त्र्यंबक, मोखाडा, जव्हारकडेही असतो. होळीनंतर उन्हाळ्यात. देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे, ज्याला सोंग म्हणतात, संबळाच्या तालावर रात्रभर एकेक सोंग नाचवतात. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं तेही ठरलेलं. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूला बसलेलं, बायका, म्हातारी, तान्ही पोरं, पहाटेपर्यंत. यात प्रेक्षक आणि कलाकार असा भेदच नाही, आज बघणारा उद्या मुखवटा बांधतो.

पण द्राक्षाच्या हंगामात अर्धं गाव निफाड-दिंडोरीला मजुरीला गेलेलं असतं. मुलंही जातात आईबापाबरोबर, माझ्या वर्गाचा पट तेव्हा निम्मा होतो. परत येतात तेव्हा हातात पैसे असतात, आणि तेव्हाच लग्नं आणि बोहाडा. द्राक्षबाग दादांनी फुरसत एकदम येते म्हणून लिहिलं ना, तुमची आणि तुमच्या मजुराची फुरसत एकाच छाटणीवर चालते. तुम्ही केरळला निघता तेव्हा ते घरी येतात.

मला टोचतं ते वेगळं. रिसॉर्टवाले पाहुण्यांपुढे आदिवासी नाच ठेवतात. अर्धा तास, जेवणाआधी. मुलं जातात, पैसे मिळतात म्हणून मी कोणाला अडवत नाही. पण गावात जो नाच रात्रभर स्वतःसाठी होता तो तिकडे घड्याळावर दुसऱ्यासाठी होतो, आणि मग गावातल्या बोहाड्याला तीच मुलं म्हणतात गुरुजी डीजे लावू. दोष मुलांचा नाही. ज्याला पैसे मिळतात तेच भारी, हे त्यांनी आपल्याकडूनच पाहिलंय.

कॉलेजरोड_पोरगी

तुम्ही सगळे कॅफेवर घसरताय (अजून कोणी डायरेक्ट लिहिलं नाहीये पण येणार मला माहितीये 🙂) म्हणून आधीच लिहिते. मी आणि माझ्या मैत्रिणी एक कोल्ड कॉफी तिघींत घेऊन दोन तास बसतो. कॉफीसाठी नाही जात आम्ही. गोदापार्कला संध्याकाळनंतर मुलींनी बसलं की कोणीतरी येऊन बघत उभं राहतं. घाटावर गेलं की ओळखीचे काका भेटतात आणि घरी रिपोर्ट जातो. उद्यानात मित्राबरोबर बसलं तर वॉचमन उठवतो. कॅफेत दीडशे रुपयांत आम्हाला कोणी काही विचारत नाही. तुम्ही ज्याला फुकटची सार्वजनिक जागा म्हणता ती आम्हाला फुकट नाहीये, तिथे बसायची किंमत आम्ही भीतीने देतो. आणि जिला दीडशे रुपये नाहीत ती घरीच बसते, मोबाईलवर, मग तिलाच ऐकवतात की सतत मोबाईल.

व्याख्यानमालेला मी गेले होते एकदा आजोबांबरोबर. आवडलं खरंच. पण माझ्या वयाचं कोणीच नव्हतं.

नोटप्रेस_निवृत्त

मी नाशिकरोडचा, नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त. आमच्या पिढीला फुरसत नोकरीबरोबर मिळाली हे कबूल केलंच पाहिजे. नेहरूनगरची कॉलनी, जिमखाना, मैदान, क्रिकेट-कबड्डीच्या टीम, गणपतीत नाटकं. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात पण तेच. शिपाई आणि साहेब मैदानावर एकाच टीममध्ये. मी पन्नास पैशांच्या वर्गणीवर जिमखान्यात कॅरम शिकलो आणि पुढे स्पर्धा खेळलो. सातपूर_मशिनिस्ट, तुमच्या कंत्राटी पोरांना यातलं काय मिळतं? कंपनी पगार देते, तोही पूर्ण नाही, आणि गेटबाहेर सोडते. वेळेचं काय करायचं ते तुझं तू बघ. खासगी सोसायट्यांमध्ये आता क्लबहाऊस आणि स्विमिंग पूल आला, म्हणजे पूर्वी जे नोकरीबरोबर मिळायचं ते आता फ्लॅटबरोबर मिळतं. ज्याला फ्लॅट नाही त्याला खेळ नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आकडेमोड, तुम्ही मुलांना फिरायला नेता ते उत्तमच, त्यावर आक्षेप नाही. पण बिझी डॉक्टर आणि सेकंड शिफ्टचा कामगार, दोघांनाही वेळ नाही म्हणून दोघं सारखे, हे पटत नाही. डॉक्टर उद्या दवाखाना एक दिवस बंद ठेवू शकतो. वेळ असणं आणि वेळेवर ताबा असणं वेगळं आहे. नसलेला वेळ दोघांकडे असेल, ताबा एकाकडेच आहे.

नासर्डी, तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळच येतं. कॉलेजरोड_पोरगीने लिहिलेलं वाचून तर अजूनच. जागा फुकट असणं पुरत नाही, तिथे सगळ्यांना निर्धास्त बसता आलं पाहिजे. दिवे, स्वच्छतागृह, बस, रात्री उशिरापर्यंत उघडं असणं, या गोष्टी कंटाळवाण्या आहेत पण मोकळा वेळ यांवरच उभा असतो. आणि त्या पैसेवाल्याला दिसत नाहीत कारण त्याच्याकडे गाडी आहे आणि तो जातो तिथे वॉशरूम असतं.

पुढचा कुंभमेळा २०२७ चा आहे. घाटावर कामं होणार, खर्च होणार. साधू आणि भाविक येऊन जातील, मग त्या घाटावर बाराही महिने इथली माणसं बसणार आहेत, त्यांच्यासाठी काय मागायचं ते आत्ता मागायला हवं.

आकडेमोड

ताबा हा मुद्दा बरोबर आहे. जागांच्या बाबतीत मी अजूनही म्हणेन की चांगलं चालवलेलं आणि थोडं तिकीट असलेलं ठिकाण फुकट आणि घाणेरड्या ठिकाणापेक्षा बरं. त्र्यंबक रोडचा महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव बघा, फी आहे, तरी सामान्य घरातली मुलं तिथेच पोहायला शिकतात.

ओसरी

तलावाचं उदाहरण मला आवडलं, कारण बायकांची वेगळी बॅच असते तेव्हाच आमच्या भागातल्या बायका पाण्यात उतरतात. मी चाळिशीनंतर शिकले पोहायला. पण बॅचची वेळ कोण ठरवतं? जिथे जिथे बायकांची वेळ ठेवतात ती नेमकी दुपारची किंवा डब्यांच्या घाईची. नोकरी करणारी, घरकाम करणारी दोघी बाद. गोदाकाठ, तुमच्या मागण्यांत हे घाला, जागा कोणासाठी आहे हे पाटीवर लिहिलेलं नसतं, वेळापत्रकावर लिहिलेलं असतं.

सातपूर_मशिनिस्ट

ताई एकदम बरोबर. आमच्यासाठी पण तेच. अंबड-सातपूरमध्ये तीन शिफ्ट चालतात, इथे एखादी अभ्यासिका, वाचनाची खोली, एखादं लाइट असलेलं मैदान रात्री बारापर्यंत उघडं ठेवा, येतात की नाही पोरं ते बघा. मी युनियनच्या पुढच्या मीटिंगला हा विषय घेतोय. कोणाला निवेदनावर सही करायची असेल तर इथे लिहा, फक्त मीटिंग शुक्रवारी आहे, शनिवारी आमची सुट्टी.

कॉलेजरोड_पोरगी

माझी सही घ्या. मैत्रिणींना पण विचारते. त्यात गोदापार्कला दिवे आणि मुलींना उठवू नका हे पण लिहा प्लीज, आणि मसुदा इथे टाका आधी.